बोटीवरचा गोड्या पाण्याचा पंप बिघडलाय? नवा घेण्याआधी या क्रमाने तपासा

घरी नळ सोडला की पाणी येतं, कारण टाकी गच्चीवर असते आणि पाणी आपल्या वजनाने खाली येतं. बोटीवर सगळं उलट. टाकी खाली, फळ्यांखाली किंवा बाकाखाली असते आणि नळ वर असतो. प्रत्येक पेलाभर पाणी कुणीतरी वर उचलून द्यावं लागतं. ते काम करतो गोड्या पाण्याचा पंप. तो बंद पडला तर टाकीत २०० लिटर पाणी असूनही हाताला थेंब लागत नाही.

किनाऱ्याला बांधलेल्या बोटीवर हा फक्त वैताग असतो. पण मुंबईहून गोव्यापर्यंतचं समुद्रातलं अंतर ४०० किलोमीटरच्या आसपास आहे, आणि शिडाच्या बोटीला त्यासाठी साधारण दोन दिवस लागतात. उन्हात चार माणसं असताना मध्येच पाणी बंद झालं तर तो वैताग राहत नाही.

मी अशा लहान बोटींवर वायरिंग आणि पंपांची कामं करतो. माझ्या अनुभवात "पंप जळाला" म्हणून सांगितलेल्या बऱ्याच केसेसमध्ये पंप ठणठणीत निघतो. दोष असतो जाळीत, सैल क्लिपमध्ये किंवा गंजलेल्या जोडात. म्हणून या लेखात पार्टची यादी देत बसण्यापेक्षा तपासणीचा क्रम देतोय. तो पाळला तर अर्ध्या तासात दोष सापडतो आणि विनाकारण नवा पंप घ्यावा लागत नाही.

## आधी ओळखा: तुमच्या बोटीवर कोणता पंप आहे?

१. डायफ्रॅम पंप (विजेवरचा). लहान बोटींवर सर्वात जास्त हाच दिसतो. यात रबराचा पडदा पुढे-मागे हलतो आणि छोटे व्हॉल्व्ह पाणी एकाच दिशेने जाऊ देतात. बहुतेक १२ व्होल्टवर चालतात. शेतात फवारणीसाठी पाठीवर घेतात ना, तो बॅटरीचा पंप? त्याच्या आतही याच जातीचा छोटा पंप असतो. घरच्या आरओ मशीनमधला पंपसुद्धा याचाच भाऊबंद. त्यामुळे तो तुम्ही कधी उघडून पाहिला असेल तर अर्धं काम तुम्हाला येतंच.

या पंपाला प्रेशर स्विच असतो. नळ उघडला की पाइपातलं प्रेशर कमी होतं आणि मोटर चालू होते. नळ बंद केला की प्रेशर वाढतं आणि मोटर बंद होते. साधारण आकडे सांगायचे तर मिनिटाला १० ते ११ लिटर पाणी आणि ४० ते ४५ पीएसआयला बंद होणारा स्विच. तुमच्या पंपाचे नेमके आकडे त्याच्या लेबलवर असतात.

२. टाकीत बुडवलेला पंप. स्वस्त आणि छोटा. नळाच्याच आत स्विच असतो. नळ उघडला की मोटर चालते.

३. पायपंप आणि हातपंप. विजेची गरज नाही. पायाने दाबायचा किंवा दांडा वर-खाली करायचा. जुन्या पद्धतीचा वाटतो, पण बॅटरी उतरली की बोटीवर हाच खरा मालक असतो.

आताच एक काम करा: पंपाच्या लेबलचा मोबाईलने फोटो काढून ठेवा. मॉडेल नंबर, व्होल्टेज आणि फ्यूजचा आकडा तिथेच असतो. स्पेअर किट मागवताना "निळ्या रंगाचा पंप आहे" एवढं सांगून चालत नाही.

## हाताशी काय हवं?

- साधा डिजिटल मल्टिमीटर
- स्क्रूड्रायव्हर, छोटा पाना, दोन-चार स्टीलच्या होज क्लिप
- टेफ्लॉन टेप
- योग्य अँपिअरचे जादा फ्यूज
- एक बादली आणि मीटरभर पारदर्शक नळी
- मोबाईल: टॉर्च, फोटो आणि व्हिडिओसाठी

मोबाईल दोरीने मनगटाला बांधा. बोटीच्या तळातल्या पाण्यात पडलेले फोन मी पुरेसे पाहिलेत.

सुरक्षेच्या चार गोष्टी: वायरला हात लावण्याआधी बॅटरीचा मेन स्विच बंद करा. १२ व्होल्टचा सहसा शॉक बसत नाही, पण शॉर्ट झालं तर वायर लाल होऊन आग लागू शकते. बोटीवर पेट्रोल इंजिन असेल तर तळातली झाकणं उघडून हवा खेळू द्या, मगच काम सुरू करा. नळी काढण्याआधी नळ उघडून पाइपातलं प्रेशर सोडा. आणि बोटीवर गीझर असेल तर तो बंद ठेवा, कारण टाकीत पाणी नसताना गीझरची कॉइल जळते.

## नियम एकच: टाकी, हवा, वीज आणि शेवटी पंप

टाकी: पाणी आहे का? हसू नका. गेज अडकलेलं असतं आणि काटा "अर्धी" दाखवत राहतो. झाकण उघडून टॉर्च मारून बघा.

आता झाकण उघडलेलंच आहे तर ते तसंच ठेवून पंप चालवून बघा. पाणी एकदम सुधारलं तर टाकीची हवेची नळी तुंबली आहे. पाणी बाहेर जाताना तेवढीच हवा आत यावी लागते. त्या नळीच्या तोंडाशी मिठाचा थर बसतो किंवा किडे घर करतात. मग पंप जोर लावतो, टाकी आत ओढली जाते आणि पाणी येत नाही.

हवा: टाकीपासून पंपापर्यंतच्या भागात कुठे फट असेल तर पंप पाण्याऐवजी हवा ओढतो. आपल्याकडे शेतकरी म्हणतात ना, "मोटर एअर घेतेय", तेच.

वीज: फ्यूज, स्विच, जोड, बॅटरी.

पंप: या तिन्ही गोष्टी ठीक असतील तरच पंप उघडायचा.

### बादली चाचणी

हा एक प्रयोग अर्धा गोंधळ संपवतो. पंपाच्या आत येणारी नळी काढा. तिच्या जागी मीटरभर लांबीची पारदर्शक नळी लावा आणि तिचं दुसरं टोक पाण्याने भरलेल्या बादलीत टाका. नळ उघडा, पंप चालू करा.

- पाणी जोरात आलं: पंप चांगला आहे. दोष टाकी ते पंप या भागात आहे.
- पाणी आलं नाही, पण मोटर फिरतेय: दोष पंपाच्या डोक्यात आहे किंवा पुढचा मार्ग तुंबलाय. पुढची नळीही काढा आणि पुन्हा बघा. आता पाणी आलं तर पुढचा पाइप किंवा नळाची जाळी तुंबलेली आहे.
- मोटर फिरतच नाही: विजेकडे वळा.

## लक्षणं आणि उपाय

### १. मोटरचा आवाजच नाही

आधी फ्यूज काढून बघा. नुसतं डोळ्याने बघू नका, मल्टिमीटरच्या बीप मोडवर तपासा. फ्यूज वरून चांगला दिसतो आणि त्याच्या पायाशी गंज असतो.

मग नळ उघडा, पंपाचा स्विच चालू करा आणि पंपाच्या दोन वायरवर व्होल्टेज मोजा.

व्होल्टेज येतंय, मोटर गप्प आहे: आता संशय प्रेशर स्विचवर. हा पंपाच्या डोक्यावर असतो आणि त्याला दोन वायर जोडलेल्या असतात. नळ उघडा ठेवून त्या दोन टोकांना तुकडाभर वायरने दोन-तीन सेकंदच जोडा. मोटर फिरली तर प्रेशर स्विच गेलाय. तो बहुतेक मॉडेलमध्ये वेगळा मिळतो. नळ बंद ठेवून हा प्रयोग करू नका, कारण मग प्रेशर थांबवणारं कुणीच नसतं आणि एखादा जोड उडतो. मोटर तरीही फिरली नाही तर मोटरचे ब्रश झिजलेत किंवा ती जाम आहे.

मोटर हाताला चटका बसेल इतकी गरम आहे: बऱ्याच पंपांत गरम झाल्यावर आपोआप बंद होण्याची सोय असते. अर्धा तास थांबा. थंड झाल्यावर चालू झाला तर तो इतका का तापला ते शोधा. बहुतेक वेळा तो तासन् तास थांबलाच नव्हता, असं निघतं.

व्होल्टेज येतच नाही: बॅटरीकडून पंपाकडे एकेक जोड तपासत या. जिथे व्होल्टेज शेवटचं दिसलं, त्याच्या पुढे दोष.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडतोय: मोठा फ्यूज टाकायचा मोह होईल. टाकू नका. फ्यूज पंपासाठी जितका असतो तितकाच वायर वाचवण्यासाठी असतो. वायर कुठे घासून उघडी पडलीय का आणि मोटर जाम आहे का, हे शोधा. कित्येक महिने बंद असलेल्या बोटीवर मोटर जाम होणं नेहमीचं आहे.

### २. मोटर फिरते, पण पंप पाणी उचलत नाही

इथे क्रम असा:

1. पंपाआधीची जाळी उघडा. पारदर्शक वाटीसारखी असते. टाकीतला गाळ, प्लास्टिकचे कीस, शेवाळ तिथे अडकतं. धुऊन परत लावताना आतला रबरी वायसर नीट बसला पाहिजे. जाळी साफ केल्यानंतरच पंप बिघडला, अशी तक्रार आली की मी सर्वात आधी हा वायसर बघतो.
2. टाकीचा कॉक चालू आहे का? बोटीवर दोन टाक्या असतील तर भरलेल्या टाकीचाच कॉक उघडा आहे ना?
3. टाकी ते पंप प्रत्येक होज क्लिप आवळा. ओढण्याच्या बाजूची गळती बाहेरून दिसत नाही. तिथून पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. पारदर्शक नळी लावून मोबाईलवर स्लो मोशन व्हिडिओ काढा. बुडबुडे सरळ दिसतात.
4. नळी मऊ पडून ओढीने चपटी होतेय का? पंपाच्या ओढीच्या बाजूला साधी बागेची नळी चालत नाही. जाड किंवा तारेची, पिण्याच्या पाण्यासाठीची नळी लागते.
5. पंप टाकीपासून फार उंच आहे का? लहान पंप साधारण दीड-दोन मीटरपर्यंत पाणी सहज उचलतो. त्यापुढे त्याची दमछाक होते.

एवढं करूनही पाणी नाही तर पंपाचं डोकं उघडा. बहुतेक वेळा आत व्हॉल्व्हखाली वाळूचा कण किंवा टेफ्लॉन टेपचा तुकडा सापडतो. व्हॉल्व्ह पूर्ण मिटला नाही की पाणी पुढे जातं आणि परत येतं. उघडताना प्रत्येक पायरीचा फोटो काढा. स्क्रू परत आवळताना समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. एकच आधी घट्ट केला तर डोकं वाकडं बसतं आणि गळतं.

डायफ्रॅम पंप थोडा वेळ कोरडा चालला तरी सहसा मरत नाही. रबरी पंख्याचा पंप असेल तर मात्र काही सेकंदांतच पंखा जळायला लागतो. म्हणून तो कोणत्या जातीचा आहे हे आधी ओळखायला सांगितलं.

### ३. नळ बंद आहे, तरी पंप चालूच

याची चार कारणं नेहमी दिसतात. टाकी रिकामी आहे. ओढण्याच्या बाजूने हवा येतेय. पुढे कुठेतरी पाणी गळतंय. किंवा व्होल्टेज इतकं कमी आहे की मोटर बंद होण्याच्या प्रेशरपर्यंत पोचतच नाही.

हे शेवटचं कारण कुणाला सुचत नाही. स्विच ४५ पीएसआयला बंद होणार असेल आणि थकलेली मोटर ३८ वरच अडकत असेल, तर ती रात्रभर फिरत राहील. लोक स्विच बदलतात, आजार वायरमध्ये असतो. आधी व्होल्टेज मोजा.

### ४. रात्री सगळं शांत असताना पंप मधूनच "गुर्र" करतो

याकडे दुर्लक्ष करू नका. कुणीही नळ उघडलेला नसताना पंप दोन सेकंद चालतो, याचा अर्थ पाइपातलं प्रेशर कुठेतरी निसटतंय. दोन शक्यता आहेत.

एक, पुढे बारीक गळती आहे. प्रत्येक जोडाभोवती कोरडा टिश्यू पेपर फिरवा. ओला झाला तिथे दोष. गीझर आणि शॉवरचे जोड विसरू नका.

दोन, पंपाचाच व्हॉल्व्ह गळतोय आणि पाणी मागे टाकीत जातंय. मग बाहेर कुठेच ओल सापडत नाही. पंपाच्या पुढे कॉक असेल तर तो बंद करून रात्रभर ठेवा. तरीही पंप गुरगुरला तर दोष पंपातच आहे.

### ५. नळ थोडा उघडला की पंप भराभर चालू-बंद होतो

पाणी धक्के देत येतं, पंप टकटक करतो. पंप जितकं पाणी देतो त्यापेक्षा नळ फार कमी घेतोय, म्हणून प्रेशर सेकंदात वर-खाली होतं. आधी नळाची आणि शॉवरची जाळी साफ करा. तरीही होत असेल तर प्रेशर टाकी तपासा. ही एक-दोन लिटरची छोटी टाकी असते, आत एका बाजूला हवा आणि दुसऱ्या बाजूला पाणी. सायकलच्या ट्यूबसारखीच तिची हवा हळूहळू कमी होते. पंप बंद करून, नळ उघडून सगळं प्रेशर सोडा आणि मग सायकलच्या पंपाने हवा भरा. पंप ज्या प्रेशरला चालू होतो, त्याच्यापेक्षा थोडं कमी ठेवायचं. नेमका आकडा तिच्या माहितीपत्रकात असतो.

## वीज: "बॅटरी फुल्ल आहे" हे पुरेसं नाही

गोव्यात नांगरलेल्या एका शिडाच्या बोटीवर मालकाने वर्षभरात दोनदा नवा पंप बसवून घेतला होता. दोन्ही वेळा महिनाभरात तोच त्रास: पाणी बारीक आणि पंप थांबत नाही. मी बॅटरीवर मोजलं तर १२.६ व्होल्ट. पंप चालू असताना पंपाच्या टोकांवर मोजलं तर १०.४. मधले दोन व्होल्ट एका हिरव्या पडलेल्या जोडात जळत होते. तो जोड कापून नवीन केला आणि आधी काढून ठेवलेला जुना पंप लावून पाहिला. तो उत्तम चालला.

म्हणून मोजायचं ते पंप चालू असताना. आधी बॅटरीच्या टोकांवर, मग पंपाच्या टोकांवर. दोन आकड्यांतला फरक म्हणजे वाटेत हरवलेलं व्होल्टेज.

- अर्ध्या व्होल्टपर्यंत फरक: ठीक आहे.
- एक व्होल्टपेक्षा जास्त: जोड किंवा वायर बदलायची वेळ आली.

वायरची जाडी किती महत्त्वाची आहे ते हिशेबाने बघा. पंप बॅटरीपासून ५ मीटर दूर आहे, म्हणजे जाऊन-येऊन १० मीटर वायर. पंप ७ अँपिअर घेतो. अडीच एमएमची तांब्याची वायर असेल तर साधारण ०.५ व्होल्ट हरवतात. घरच्या बल्बची १ एमएमची वायर टाकली तर १.२ व्होल्ट. हे नव्या वायरचे आकडे, खारी हवा खाल्लेल्या वायरचे नाहीत.

बोटीवर शक्यतो कथिल चढवलेली तांब्याची वायर वापरा. नुसता पीळ मारून काळी टेप गुंडाळलेला जोड समुद्रावर एक पावसाळाही काढत नाही. योग्य टर्मिनल दाबून बसवा आणि आत गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा.

बॅटरीचा अंदाज: लेड-अ‍ॅसिड बॅटरी काही तास विश्रांती दिल्यावर १२.७ व्होल्टच्या आसपास असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, ११.८ म्हणजे जवळपास रिकामी. लिथियम बॅटरीला हे आकडे लावू नका. तिचं व्होल्टेज बराच वेळ १३ च्या वर स्थिर राहतं आणि शेवटी एकदम कोसळतं. तिच्यात ब्लूटूथ असेल तर मोबाईल अ‍ॅपवरची टक्केवारी बघा. तिथेच अजून एक गोष्ट दिसते: रात्री पंप गुरगुरला की करंटचा आकडा उडी मारतो. म्हणजे झोपल्या जागेवरून गळतीचा माग लागतो.

## पायपंप आणि हातपंप: वीज नाही, म्हणून बिघाड नाही असं नाही

पायपंपात मोटर नसते, पण रबर असतंच. नेहमीचे दोष तीन.

खूप दाबला तरी पाणी येत नाही. पंप बरेच दिवस वापरला नाही की आतले रबरी व्हॉल्व्ह कोरडे पडतात आणि नीट मिटत नाहीत. नळाच्या तोंडातून थोडं पाणी ओता, आणि मग वीस-पंचवीस वेळा दाबा. तरीही नाही तर बोटाची चाचणी करा. आत येणारी नळी काढा, त्या तोंडावर बोट ठेवा आणि पंप मारा. बोट आत ओढल्यासारखं जाणवलं पाहिजे. ओढ जाणवली तर पंप चांगला आहे, दोष टाकीकडच्या नळीत आहे. नाही जाणवली तर व्हॉल्व्ह किंवा डायफ्रॅम बदला.

पायाखाली पाणी. डायफ्रॅम फाटलाय. दुरुस्तीचं किट मॉडेलनुसार मिळतं. चिकटपट्टीने किंवा सायकलच्या पंक्चरच्या गोंदाने हे भागत नाही, आणि तो गोंद पिण्याच्या पाण्यात नकोच.

हातपंपाचा दांडा कडक झालाय किंवा नुसताच वर-खाली होतोय. आतली रबरी रिंग सुकली किंवा झिजली आहे. काढून धुवा, फूड-ग्रेड सिलिकॉन ग्रीस लावा. गाडीचं ग्रीस लावू नका. ते पिण्याच्या पाण्यात जातं, शिवाय काही प्रकारचं रबर त्याने फुगतं.

अजून एक गंमत. दोन्ही पंप एकाच नळीवर टी लावून जोडलेले असतील आणि पायपंपाचे व्हॉल्व्ह झिजले असतील, तर विजेचा पंप पायपंपाच्या नळातून हवा ओढतो. सगळ्या क्लिप आवळल्या तरी बुडबुडे थांबत नाहीत. अशा वेळी पायपंपाच्या नळाच्या तोंडावर बोट दाबून धरा. बुडबुडे थांबले तर चोर सापडला. कायमचा उपाय म्हणजे व्हॉल्व्ह बदलणं, किंवा पायपंपाला टाकीतून वेगळी नळी देणं.

## खरा धोका: वीस मिनिटांत टाकी रिकामी

पंप मिनिटाला १० लिटर देतो. टाकी २०० लिटरची. एखादी नळी निसटली तर किती वेळ? २० मिनिटं. पंपाला काय माहीत नळ उघडलाय की नळी सुटलीय! त्याला फक्त प्रेशर कमी झालेलं कळतं. तो इमानेइतबारे सगळं गोडं पाणी बोटीच्या तळात ओततो. तिथे साचलेलं पाणी काढणारा दुसरा पंप आपोआप चालू होतो आणि ते समुद्रात फेकून देतो. सकाळी तळ कोरडा, टाकी रिकामी आणि बॅटरी उतरलेली. हे घडायला मोठं वादळ लागत नाही, शंभर रुपयांच्या आतली एक क्लिप पुरते.

म्हणून माझे तीन नियम, आणि यात मी सूट देत नाही:

1. झोपताना आणि बोट सोडून जाताना गोड्या पाण्याच्या पंपाचा स्विच बंद.
2. बोटीवर किमान एक पायपंप किंवा हातपंप, आणि महिन्यातून एकदा तो वापरून बघायचा.
3. पिण्याचं थोडं पाणी टाकीबाहेर, वेगळ्या कॅनमध्ये. उन्हाळ्यात माणशी दिवसाला निदान ३ ते ४ लिटर धरा.

आपल्या मच्छीमार बोटींवर वेगळे कॅन ठेवण्याची सवय आधीपासून आहेच. पंप आला म्हणून ती सोडू नका.

तळात पाणी दिसलं, ते गोडं की खारं? चाखू नका, त्यात डिझेल आणि ग्रीस असतं. आरओ तपासायचा पेनसारखा टीडीएस मीटर वापरा. नळाचं गोडं पाणी सहसा काहीशे पीपीएम दाखवतं. समुद्राचं पाणी ३५,००० पीपीएमच्या घरात असल्यामुळे छोटा मीटर हातच टेकतो. काहीशे आलं तर तुमची टाकी गळतेय. मीटर ओलांडून गेला तर समुद्राचं पाणी आत येतंय आणि पंप सोडून आधी ते बघा. पावसाळ्यात मांडवीसारख्या नदीच्या मुखाशी किंवा खाडीत बाहेरचं पाणीही बरंच गोडं होतं, तेव्हा ही चाचणी फसू शकते. तिथे बाहेरचं पाणीही मोजून तुलना करा.

## पावसाळ्याआधी आणि नंतर

पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते, आणि हौशी बोटीही पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून ठेवतात. पंप बिघडतात ते याच काळात, न वापरल्यामुळे. साचलेल्या पाण्यात शेवाळ धरतं, व्हॉल्व्ह चिकटतात, टर्मिनल हिरवे होतात.

- ठेवताना: टाकी रिकामी करा, नळ उघडे ठेवून पंप काही सेकंद चालवा म्हणजे आतलं पाणी निघून जाईल. जाळी धुवा. फ्यूज काढून ठेवा.
- परत सुरू करताना: टाकी निर्जंतुक करा. ५ टक्के तीव्रतेचं, वास न घातलेलं सोडियम हायपोक्लोराइट दर लिटर पाण्याला १ मिलि घ्या. म्हणजे १०० लिटरच्या टाकीला १०० मिलि. प्रत्येक नळाला क्लोरीनचा वास येईपर्यंत पाणी सोडा, पायपंपही मारा. चार तास ठेवून सगळं काढून टाका आणि वास जाईपर्यंत चांगल्या पाण्याने धुवा. अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीला हे चालत नाही. आणि ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर किंवा अ‍ॅसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

सगळं नीट चालू झालं की एक काम करा. पंपाचा ३० सेकंदांचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. सहा महिन्यांनी आवाज बदललाय का, हे आठवणीवर ठरवता येत नाही. रेकॉर्डिंग लावून लगेच कळतं. हवा घेणारा पंप हलका आणि वेगाने फिरतो. तुंबलेला किंवा कमी व्होल्टेजवरचा पंप जड आवाजात रडतो.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

फवारणीचा किंवा आरओचा पंप बोटीवर लावला तर?
फवारणीत वापरलेला पंप पिण्याच्या पाण्याला अजिबात नको, कितीही धुतला तरी. आरओच्या पंपाचा प्रवाह फार कमी असतो आणि त्याचं व्होल्टेजही बऱ्याचदा वेगळं, साधारण २४ असतं. पिण्याच्या पाण्यासाठी बनवलेला, बोटीचा किंवा कॅम्पर व्हॅनचा १२ व्होल्टचा पंप घ्या.

पाणी कमी येतं, जास्त प्रेशरचा पंप घेऊ का?
आधी जाळी आणि व्होल्टेज तपासा. प्रेशर वाढवलं की जुने जोड गळायला लागतात आणि पाणीही जास्त संपतं.

प्रेशर स्विचचा स्क्रू फिरवून सेटिंग बदलू का?
दोष सापडल्याशिवाय नको. पूर्वी नीट चालणारा पंप आज बिघडला असेल तर तो स्क्रू आपोआप फिरलेला नसतो.

बॅटरी गेली आणि पायपंपही नाही. टाकीतलं पाणी कसं काढू?
टाकीचं झाकण उघडा आणि स्वच्छ नळीने सायफन करा. भांडं टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली ठेवता आलं पाहिजे. ते शक्य नसेल तर तपासणीच्या मोठ्या झाकणातून मगाने काढा. निघण्याआधी तुमच्या टाकीला असं झाकण आहे का, ते बघून ठेवा.

कोणते स्पेअर सोबत ठेवावेत?
डायफ्रॅम आणि व्हॉल्व्हचं किट, एक प्रेशर स्विच, चार होज क्लिप, पाच फ्यूज, जाळीचा वायसर आणि पायपंपाचं किट. सगळं मिळून एका डब्यात मावतं. डब्यावर पंपाचा मॉडेल नंबर लिहा.

बोटीवर जाल तेव्हा एकदा हा क्रम पंप चांगला असतानाच करून बघा. बादली चाचणी करा, पंप चालू असताना दोन ठिकाणचं व्होल्टेज मोजा आणि ते आकडे मोबाईलच्या नोट्समध्ये लिहून ठेवा. उद्या काही बिघडलं तर तुलना करायला तुमच्याकडे तुमच्याच बोटीचे आकडे असतील.